अडीच तास

पहाटे साडेतीनला मायनं मला हलवून उठवलं. "उठ. पोचलं असंल बघ इमान," म्हणाली. ओसरीवर अंधार होता, बाजेखाली कुत्रं झोपलं होतं आणि माय भिंतीवरच्या घड्याळासमोर पाट टाकून बसली होती. कधीपासून बसली होती कुणास ठाऊक. आमची धाकटी लेक त्या रात्री अकरा वाजता हैदराबादहून सिंगापूरला निघाली होती. तिला सोडायला तिची आई आणि भाऊ गेले होते. मायला एकटं ठेवता येत नाही, म्हणून मी मागं राहिलो होतो. किती वेळ लागतो, असं मायनं आदल्या दिवशी विचारलं तेव्हा मी 'साडेचार तास' असं सांगून मोकळा झालो होतो. मायनं ते साडेचार तास धरून ठेवले. अकरात साडेचार मिळवले आणि बरोबर साडेतीनला मला उठवलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. लेकीनं विमानतळावरच्या मोठ्या घड्याळाचा फोटो पाठवला होता आणि खाली 'पोचले' एवढंच. मायला अक्षर येत नाही, पण घड्याळ चांगलं कळतं. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला, मग भिंतीकडं पाहिलं, मग पुन्हा फोनकडं. त्या घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"ह्यात सहा वाजलेत," माय म्हणाली. "उशीर झाला का तिला? तू सांगत न्हाईस."

मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. हा धडा मला तोंडपाठ. फडताळातलं मोसंबं घेतलं, हातात बॅटरी धरली आणि अंधारात मायला पृथ्वी फिरवून दाखवली. हे आपलं गाव, हे तिकडं पूर्वेला सिंगापूर. सूर्य त्यांच्याकडं आधी येतो, म्हणून त्यांचं घड्याळ पुढं. अडीच तास पुढं. शाळेत पोरांना एवढं दाखवलं की मान हलवायची. मायनंही हलवली. मोसंबं माझ्या हातातून घेतलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "ते समदं कळलं. पर तिचे अडीच तास गेले कुठं? ते झोपंचे हुते का जेवनाचे?"

मला उत्तर देता आलं नाही.

"परत येताना मिळतात," मी शेवटी म्हणालो. "तिकडून निघालं की घड्याळ मागं घ्यायचं."

"मंग ऱ्हाऊ दे. जपून ठेव म्हनावं," म्हणाली आणि देवापुढं दिवा लावायला आत गेली.

ही गोष्ट दीड वर्षापूर्वीची. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. शेतात असलो, एसटीत असलो, तरी मध्येच यायचा. मायला समजलं नाही म्हणून तिनं तसं विचारलं, असं मी सुरुवातीला धरून चाललो होतो. पुढं पुढं वाटायला लागलं की समजलं नव्हतं ते मला. मी तिला अंशांची गोष्ट सांगत होतो आणि ती नातीच्या आयुष्यातल्या अडीच तासांचा हिशोब मागत होती.

मायला किलोमीटर कधी पटलेच नाहीत. तिच्या लहानपणी अंतर दशम्यांनी मोजायचे. बिदर एका दशमीवर, तुळजापूर चार दशम्यांवर, पंढरपूर म्हणजे दशम्या पुरायच्याच नाहीत, वाटेत मागून खायचं. दुधात मळलेली ज्वारीची दशमी, वर लसणाची चटणी, कांदा आणि सगळं धडप्यात बांधलेलं. किती दशम्या बांधायच्या ते ठरलं की रस्ता किती लांब आहे ते घरातल्या पोराटोरांनाही कळायचं. लेक निघाली त्या दिवशी पहाटे उठून मायनं तिच्यासाठी दशम्या केल्या. किती? तर दोन. एक हैदराबादपर्यंतची आणि एक पुढची. कारण आमच्या गावाहून उदगीर, बिदर, जहीराबाद करत शमशाबादच्या विमानतळापर्यंत गाडीला साडेचार-पाच तास लागतात आणि तिथून सिंगापूरला विमानालाही साडेचारच. मायच्या नकाशात हैदराबाद ही अगदी निम्मी वाट झाली. इकडं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आणि तिकडं सुमारे ३,३०० किलोमीटर, हे मी तिला सांगितलं नाही. खरं तर सांगावंसं वाटलं नाही. तिला नात जेवढी जवळ वाटत होती तेवढी वाटू द्यावी, असं मनात आलं.

हैदराबाद आमच्यासाठी परकं गाव कधीच नव्हतं. मायच्या बापाची शेताची कागदं निजामाच्या राज्यातली, उर्दूत होती, ती आजही ट्रंकेत आहेत. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. त्यांची राजधानी तीच. कोर्टकचेरी तिकडं, मोठा डॉक्टर तिकडं, लग्नाचा बस्ता तिकडं. मुंबई आमच्या वाट्याला फार नंतर आली. त्यामुळं लेकीचं तिकीट मुंबईहून न काढता हैदराबादहून काढलं तेव्हा मायला बरंच वाटलं. "आपल्याच गावावरून चालली," म्हणाली.

पण त्याच काळातली एक वाट मायच्या अंगात रुतून बसलेली आहे आणि तिच्याबद्दल ती बोलत नाही. माय दहा वर्षांची होती. रझाकारांचे दिवस. उन्हाळ्यात एका रात्री तिच्या घरची माणसं जे हाताला लागलं ते घेऊन बार्शीच्या बाजूला निघाली, निजामाच्या हद्दीबाहेर. दिवसा ओढ्याकाठी झाडीत पडून राहायचं, रात्री चालायचं. हे मला कळलं ते मामाकडून. मायला विचारलं की ती एवढंच म्हणते, "सात रात्री." बस्स. पुढं विचारलं तर सूप घेऊन उठते, ज्वारी पाखडायला लागते. मी नकाशावर पट्टी ठेवून मोजलंय, सरळ रेषेत दीडशे किलोमीटर भरतं. शिकवताना कधी कधी मनात यायचं, की या दीडशे किलोमीटरना नकाशाचं कुठलं प्रमाण लावायचं?

लेकीला विमानानं जावं लागलं त्याचं मूळही एका प्रवासातच आहे. २०१६ साली ती अकरावीला लातुरात होती. चार पोरी मिळून एक खोली. टँकर पंधरा दिवसांनी यायचा, तोही नेमका नाही. अंघोळीचं पाणी बादलीत धरून तेच कपड्यांना आणि तेच शेवटी संडासला वापरायचं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, दर वाघिणीत पन्नास हजार लिटर. मिरज ते लातूर सुमारे ३४० किलोमीटर. सकाळी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला पहाटे लातुरात पोचली. पोरीनं मला फोन केला. मी आनंदाच्या सुरात काहीतरी बोललो असेन. ती म्हणाली, "बाबा, ज्या गाडीनं माणसं जातात त्या रुळावरून पाणी आलं." आणि मग बराच वेळ गप्प होती. पुढं तिनं पाण्याचंच इंजिनिअरिंग घेतलं. मेडिकलला मार्क होते, लातुरात सगळ्यांनी समजावलं, पण तिनं ऐकलं नाही.

आता ती सिंगापुरात सांडपाणी पुन्हा पिण्याच्या योग्यतेचं करण्याच्या कामात आहे. त्या देशाला स्वतःची मोठी नदी नाही. पाणी शेजारच्या मलेशियातून, जोहोर राज्यातून नळानं येतं. १९६२ चा करार आहे आणि तो २०६१ ला संपायचा आहे. म्हणून त्यांनी आधीपासून तयारी केली. २००३ पासून वापरलेलं पाणी झिरपवून, गाळून, अतिनील किरणांखालून नेऊन पुन्हा वापरात आणतात आणि त्याला 'नीवॉटर' म्हणतात. लेक हे सांगते तेव्हा तिचा आवाज बदलतो. मीही कान देऊन ऐकतो. पस्तीस-चाळीस वर्षांनंतर करार संपेल तेव्हा काय करायचं, याची काळजी एखादा देश एवढी आधी करतो आणि आम्ही मे महिन्याची काळजी मे महिन्यात करतो, याचं मला आतून फार दुःख होतं. लेक परत येऊन इथं हे काम करील का? मी विचारत नाही. विचारलं तर ती 'हो' म्हणेल आणि ते 'हो' मला दिवसरात्र सांभाळत बसावं लागेल.

मायचा प्रश्न डोक्यात असताना मी एकदा जुनी वही काढून बसलो आणि त्या अडीच तासांची फोड केली. शाळेत पोरांना घेऊन मी मैदानात काठी रोवायचो. सावली सगळ्यांत आखूड कधी होते ते बघायचं. घड्याळात बारा वाजले तरी आमच्याकडं सूर्य डोक्यावर आलेला नसतो. ऋतूप्रमाणं थोडं मागंपुढं होतं, पण सरासरी बावीस मिनिटं तो मागं असतो. कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेचं आणि उदगीर सत्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. सिंगापूरचं उलट आहे. ते एकशे चार रेखांशाच्या जवळ, पण घड्याळ लावलंय एकशे वीसचं. म्हणजे त्यांचं घड्याळ त्यांच्याच सूर्याच्या तासाभराहून जास्त पुढं धावतं. तिथं बाराही महिने सूर्य सकाळी सातच्या आसपास उगवतो, लेक अंधारात डबा भरते. हिशोब केला तर आमच्या आणि तिच्या सूर्यात अंतर निघालं एक तास सत्तेचाळीस मिनिटांचं. उरलेली त्रेचाळीस मिनिटं सूर्याची नव्हेत. ती माणसांनी ठरवलेली.

आणि ती ठरतही कशी गेली! इंग्रजांच्या काळात तिथलं घड्याळ थोडं थोडं पुढं सरकत राहिलं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी सिंगापूर घेतलं तेव्हा घड्याळं टोकियोच्या वेळेवर लावायला लावली. युद्ध संपल्यावर पुन्हा मागं. मग ३१ डिसेंबर १९८१ ला रात्री साडेअकरा वाजता काटे एकदम बारावर नेले, मलेशियाच्या वेळेशी जुळवून घ्यायला. त्या रात्री सगळ्या शहराचा अर्धा तास गेला. म्हणजे मायचा प्रश्न तिथल्या माणसांनाही पडायला हरकत नव्हती. मुंबईनंही स्वतःची वेगळी वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली होती, ती सोडताना कुणा म्हाताऱ्या माणसाला चुटपुट लागली असेलच की. घड्याळ म्हणजे निसर्ग, असं मी पोरांना नकळत शिकवत आलो. राज्य बदललं की कागदाची लिपी बदलते, तशी वेळही बदलते. हे मायच्या पिढीला ट्रंकेतल्या कागदांवरून आधीच माहीत होतं.

ही फोड मी मायला सांगितली नाही. तोवर तिनं स्वतःचा मार्ग काढला होता.

लेक रात्री आठला जेवते. तेव्हा आमच्याकडं साडेपाच वाजलेले असतात. माय साडेपाचला जेवायला बसू लागली. ज्या बाईनं आम्हाला जन्मभर तिन्हीसांजेला खाऊ दिलं नाही, घास हातात असला तरी 'ठेव खाली, दिवा लागू दे' म्हणून दटावलं, ती आता दिवेलागणीच्या तोंडाला ताट घेऊन बसते. समोर फोन, फोनला टेकण म्हणून पितळी तांब्या. तिकडं लेकीच्या पुढं भात आणि कसलंसं पातळ कालवण, इकडं मायच्या ताटात भाकरी, वरण, उन्हाळ्यात चिवळची भाजी. बोलणं फार होत नाही. "काय खाऊलालीस?" "भात, आज्जी." "नुसता भात?" मग दोघी जेवतात. चावायचा आवाज, मध्येच तिकडच्या लिफ्टची टिंग, मध्येच इकडं म्हशीचं हंबरणं. आमची ही सुरुवातीला म्हणाली, मायला लवकर जेवून रात्री भूक लागेल, पित्त होईल. डॉक्टरनंही तेच सांगितलं. मायनं दोघांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला पाट मांडला.

ते बघताना मला बरं वाटायचं आणि एक बारीकशी कळही यायची. लेकीशी मी रात्री बोलतो. ती दमलेली असते, जांभया देते, तिच्या झोपेची वेळ टळून गेलेली असते. आमच्या नऊला तिचे साडेअकरा. मी रोज तिच्या दिवसाचा उरलासुरला तुकडा घेतो. माय मात्र उठून तिच्या वेळेत जाऊन बसते. छत्तीस वर्षं पोरांना दोन गावांच्या वेळेतला फरक काढायला शिकवणाऱ्या बापाला, आपली जेवायची वेळ बदलावी, हे सुचलं नव्हतं.

दिवाळीला लेक आली. तिकडून रात्री आठला निघाली आणि हैदराबादला दहाला उतरली. तिकिटावर तसंच छापलं होतं. पुढं गाडीनं गावात पोचायला पहाटेचे साडेतीन झाले. जहीराबादच्या पुढं धुकं होतं, बिदरला चहासाठी थांबले. माय दारात उभी. पायावर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पहिला शब्द काय, तर "दिले का तुझे अडीच तास?"

लेकीला काही कळेना. मग मी सांगितलं. ती हसली नाही. पर्समधून तिकीट काढून तिनं मायला बोटानं दाखवलं, हे आठ, हे दहा. साडेचार तासांचा रस्ता दोन तासांत. "दिले आज्जी. हे बघ." मायनं तो कागद बराच वेळ हातात धरला. मग घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला, सुपारीच्या खांडांशेजारी. तो अजून तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी पाहुणे, फराळ, भाऊबंद, सगळ्यांनी पोरीला घेरलं. मला तिच्याशी धड बोलायलाही मिळालं नाही. रात्री सगळे लवकर झोपलो. मला जाग आली ती कसल्याशा हळू आवाजानं. मोबाइलमध्ये पाहिलं तर पावणेचार. लेकीचं अंथरूण मोकळं होतं. तिचं शरीर अजून तिकडच्याच वेळेवर होतं, तिच्या लेखी सव्वासहा वाजले होते, रोजची उठायची वेळ. आणि माय तर जन्मभर चारच्या आत उठणारी. दोघी बाहेर ओसरीवर होत्या. चुलीवर पाणी ठेवलेलं, तुऱ्हाट्याचा धूर घरात येत होता. माय लेकीच्या केसांना तेल लावत होती, ते तिच्या बोलण्याच्या लयीवरून कळत होतं. एक वाक्य, मग थोडं थांबणं, मग दुसरं.

मी उठणार होतो. चहा मिळाला असता, लेकीजवळ बसायला मिळालं असतं. मग शब्द ऐकू आले आणि मी तसाच पडून राहिलो.

"चवथ्या राती मांजरा लागली," माय सांगत होती. "उन्हाळ्याची नदी. पानी न्हवतं, नुस्ती वाळू. दिवसभर तापलेली, राती बी कोमट. चांगली वाटायची पायाला. माजा वाळा पडला तिथं. चांदीचा. उजव्या पायातला."

"मग?"

"मी बसले उकरत. आईनं तोंडावर हात ठिवला माज्या, रडू नये म्हनून. उचलून घेतलं अन् चालली. दहा वर्साची घोडी मी. तिच्या पोटात तवा तुजा धाकटा मामाआजा हुता."

"तो वाळा?"

"ऱ्हायला."

मला मांजरा माहीत आहे. बालाघाटच्या डोंगरात उगम, ७२४ किलोमीटर लांबी, शेवटी गोदावरीला मिळते. फळ्यावर खडूनं ती वळणासकट काढायचो मी, न बघता. मायचा वाळा त्या वाळूत आहे, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी भिंतीपलीकडून कळत होतं.

माय बोलत राहिली. पाचवी रात्र, सहावी रात्र. कुणीतरी दिलेलं ताक. कुणाच्या तरी गोठ्यात काढलेला दिवस, तिथल्या गाईचं नाव. लेक मधूनमधून विचारत होती, कधी नुसतं 'हं' म्हणत होती. चहाचे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मोसंबं सोलल्याचा वास आला, साल मोडताना येतो तो कडसर वास, धुराच्या वासातून. कोंबडं आरवलं. दूध काढायला निघालेला शेजारी अंगणातून खाकरत गेला तेव्हा दोघी थोडा वेळ गप्प झाल्या आणि तो गेल्यावर पुन्हा सुरू झाल्या.

"किती वाजले गं?" मायनं विचारलं.

"इथले की तिकडचे?"

"हितले."

"सव्वापाच."

"मंग हाय अजून येळ," माय म्हणाली. "घे, ही फोड घे."

सव्वासहाला हिनं उठून मधलं दार उघडलं आणि उजेड आत आला.